हात कुठे आखडावा?

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपली म्हण सांगते आणि सांगून मोकळी होते. अंथरूण तोकडे असले म्हणजे अंगाचा काही भाग उघडा राहणारच. तो कोणता राहू द्यावा, डोके झाकावे की पाय, याविषयी ती मौन पाळते. आणि ज्यांची अंथरुणे तोकडी असतात त्यांना रोज रात्री छळणारा प्रश्न तर हाच असतो. पाय पसरू नयेत हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांचे गुडघे पोटाशी घेतलेलेच असतात.

नीतीवर लिहिणाऱ्यांनी उधळपट्टीवर पुष्कळ लिहिले आहे, कंजूषपणावरही लिहिले आहे; औदार्याचे तर पोवाडे गायिले आहेत. पण हा सारा विचार ज्याच्यापाशी द्यावयास, उधळावयास किंवा दडवावयास काही आहे अशा माणसाचा असतो. ज्याला पाच गरजांपैकी चारच भागवता येतात आणि पाचवी मारावी लागते, त्याने ती कशी निवडावी, हा विषय या मंडळींनी बायकांवर सोडून दिलेला दिसतो. घरोघरच्या बायका तो रोज सोडवतात. तेल कमी घालायचे की डाळ, थोरल्याची वही आधी की धाकटीची चप्पल? त्यामागे विचार असतो, तत्त्वही असते. त्याला ग्रंथात जागा मिळालेली नाही, इतकेच.

या प्रश्नाकडे मी वळलो तो मात्र निराळ्याच वाटेने. माझा एक जुना विद्यार्थी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात शिकतो. गाव तासगाव तालुक्यातले. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हमाल. मार्च २०२५ मध्ये तो वहीचा एक कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, यात कुठं चुकतंय का बघा." कागदावर सात ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे रुपये मांडले होते. मी समजलो, लग्नाकार्याचा हिशेब असेल. पाहतो तो संगणकाच्या सुट्या भागांची यादी. मुलाला खेळ खेळण्याचा संगणक स्वतः जोडायचा होता. विजेचे शास्त्र मला मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे ठाऊक नाही, हे त्यालाही ठाऊक होते. तरी तो माझ्याकडे का आला, हे पुढे माझ्या ध्यानात आले. त्याला सल्ला विजेचा नको होता.

ज्यांना या गोष्टी परक्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. असा संगणक तयारही मिळतो. पण तो घेतला म्हणजे कोणत्या भागावर किती पैसे गेले हे दुकानदाराला कळते, आपल्याला कळत नाही. म्हणून मुले भाग वेगवेगळे निवडतात आणि घरी पेचकसाने जोडतात. हिशेब करणारा तो प्रोसेसर. ज्यावर सारे बसते तो मदरबोर्ड. हाताशी लागणारी माहिती तात्पुरती ठेवणारी रॅम. पडद्यावरची चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड, जे खेळाच्या यंत्रात सर्वांत महाग असते. कायमचे साठवणारी एसएसडी. भिंतीतल्या २३० व्होल्ट विजेचे यंत्राला सोसेल अशा १२, ५ आणि ३.३ व्होल्ट विजेत रूपांतर करणारा एसएमपीएस. आणि या सगळ्यांना पोटात घेणारी पेटी, जिला कॅबिनेट म्हणतात. मुलाच्या कागदावर रायझन ५ ५६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर होता, ९,४०० रुपयांचा; मदरबोर्ड ६,३००; आठ आठ जीबीच्या दोन रॅम ३,१००; आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड १९,८००; एसएसडी २,९००; एसएमपीएस ३,७००; पेटी २,६००. पडदा म्हणून घरचा टीव्ही वापरायचा होता, म्हणून ती ओळच नव्हती. बेरीज ४७,८०० रुपये.

जवळ होते ४५,०००. त्यातले २८,००० त्याने स्वतः मिळवलेले: महाविद्यालयातल्या 'कमवा आणि शिका' योजनेत दोन वर्षे काम करून, आणि फेब्रुवारी-मार्चात तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर राबून. उरलेले १७,००० वडिलांच्या भिशीचे.

कमी पडत होते २,८००. आणि साताऱ्यातल्या एका दुकानदाराने ते चुटकीसरशी भरून काढण्याची तोड सांगितली होती. ३,७०० चा एसएमपीएस काढून टाक, नाव नसलेला ९०० चा घाल. त्यावरही '५०० वॅट' असेच छापलेले आहे. झाले २,८०० वसूल. वेग तोच, चित्र तेच, पेटी बंद केल्यावर कोणाला काय दिसते?

मला वाटते, त्या दुकानदाराने नकळत एक फार जुना प्रश्न विचारला. जे दिसत नाही त्यात हात आखडला तर बिघडले कुठे?

आता या ९०० रुपयांच्या वस्तूची गंमत अशी, की तिच्यावर छापलेला आकडा पुष्कळदा खोटा असतो. ५०० म्हणावे आणि त्याच्या निम्म्यालाही धापा टाकाव्यात, अशी तिची ताकद. चांगल्या एसएमपीएसमध्ये वीज अचानक चढली किंवा कोठे दोन तारा भिडल्या तर स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवण्याची सोय असते. स्वस्तातल्या वस्तूत नेमकी तीच गाळलेली असते. मग ती जळताना एकटी जळत नाही. जवळचे २०,००० चे कार्ड आणि बाकीचे भागही सोबत घेऊन जाते. आमच्या भागात खेड्यावरची वीज कशी येते हे मी सांगावयास नको. रात्री पंप एकदम सुरू झाले की दिवे मिणमिणतात, आणि पंप बंद झाले की भगभगतात. अशा विजेच्या तोंडी कोणाला उभे करायचे, हे ठरवताना सर्वांत किरकोळ गडी पाठवायचा?

मुलाने ही अडचण वडिलांच्या कानावर घातली होती. त्यांना संगणकातले काही कळत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "सुतळी वाचवून पोतं शिवू नगंस." पन्नास किलोचे हळदीचे पोते, त्याचे तोंड शिवायला सुतळी लागते हातभर-दोन हात. टाके लांब घातले तर सुतळी वाचते. आणि ट्रकवर चढवताना तोंड उसवले की हळकुंडे यार्डभर. ज्याने आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली त्याला, माल आणि मालाला धरून ठेवणारी गोष्ट यांतला फरक, पाठीनेच शिकवला आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हाच विचार अधिक नाजूक रूपात पाहावयास मिळतो. तेथल्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्यांचा लौकिक त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. तंबोरा हादेखील सुट्या भागांचा संसार. भोपळा निवडायचा, लाकूड निवडायचे, घोडी बसवायची, तारा लावायच्या. आणि शेवटी घोडीचा माथा केसाकेसाने घासून जवारी काढायची. गरीब गवयी तेथे जातो तेव्हा तो कुठे पैसे वाचवतो? नक्षीत वाचवतो. वेलबुट्टी नको, पांढऱ्या पट्ट्यांचे जडावकाम नको, साधी दांडी चालेल. पण भोपळा पातळ चालणार नाही आणि जवारी कच्ची चालणार नाही. मैफलीत बसलेल्या माणसाला नक्षी दिसते, जवारी दिसत नाही. तो ती ऐकतो. नक्षी कमी असलेला तंबोरा गरिबाचा तंबोरा असतो. जवारी बिघडलेला तंबोरा तंबोराच नसतो. संगणकाच्या दुकानात हल्ली पेटीला काच लावून आत रंगीत दिवे सोडतात. ती नक्षी. मुलाच्या २,६०० च्या पेटीत दिवे नव्हते, एवढे त्याला आधीच कळले होते.

येथपर्यंत आपले एकमत व्हावयास हरकत नाही. पण वाचकांपैकी अनेकांच्या ओठांवर एक प्रश्न मघापासून आला असेल, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. हमालाच्या पोराने ४५,००० रुपये खेळण्यावर घालावेत काय? कुठे आखडावे हा विचार मागून. मुळात हात सोडावाच का?

बहुतेक घरांत हा प्रश्न उपस्थितच होत नाही, कारण मुले त्याला बगल देतात. ती सांगतात, "अभ्यासाला लागतो." या दोन शब्दांवर आपल्याकडे किती यंत्रे घरात आली असतील याचा हिशेब लागणार नाही. आणि हे खोटे आपणच त्यांना शिकवले आहे. गरिबाच्या घरात आनंदाला स्वतःच्या नावाने दार उघडले जात नाही. त्याला उपयोगाचा अंगरखा घालून यावे लागते. दूध शक्तीसाठी, गाणे देवासाठी, जत्रा नवसासाठी. नुसती मजा म्हणून काही करावे आणि तसे सांगावे, ही चैन पैसेवाल्यांची.

या मुलाने तसे केले नाही. वडिलांनी विचारले, "कशाला रं एवढं?" तो म्हणाला, "आबा, खेळायला." वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अभ्यासाला म्हनला असतास तर मी इचारलंबी नसतं." दोन दिवसांनी त्यांनी भिशीचे पैसे आणून दिले.

मी कादंबऱ्या लिहितो. असले वाक्य मला सुचले असते तर मी ते मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवले असते. त्यात राग आहे की समाधान, हे मला अजून ठरवता आलेले नाही. खोटे बोलला असतास तर मला निर्णयाचे ओझे पडले नसते, असे त्यांना म्हणायचे होते काय? खरे बोलणाऱ्याने आपले ओझे समोरच्याच्या पाठीवर दिलेले असते, हे आपण सत्याचे गोडवे गाताना विसरतो. हमालाला ते बरोबर जाणवले.

आमच्या या दोन जिल्ह्यांच्या आठवणीत पैशाच्या दोन गोष्टी आहेत. एक साऱ्यांच्या तोंडी असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ती साताऱ्यास आणली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी धान्य नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. हा त्याग कोणासही तत्काळ पटतो. उपाशी मूल आणि सोने यांत निवड करावयाची, तर शहाण्याला क्षणाचाही विलंब लागू नये. आपल्याला लागतो, म्हणून लक्ष्मीबाई मोठ्या.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. कऱ्हाडजवळच्याच गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जावयाचे होते आणि पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी त्या जुलैत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांचे फड लावून त्यांनी ते घर सोडवून दिले. आज आपण ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण ते घर गहाण पडले त्या दिवशी तिचा शेवट कोणाला माहीत होता? धान्यासाठी नव्हे, औषधासाठी नव्हे, एका कुस्तीसाठी घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्याला त्या दिवशी शेजाऱ्यांनी काय म्हटले असते? मुलाला जे म्हणतात, तेच.

येथे कोणी म्हणेल, कुस्ती कुठे आणि बसल्या जागी बटणे दाबणे कुठे. मान्य. तुलना शरीराची करावयाची तर मी पहिल्याच डावात चीत होईन. कोणी उलट बाजूने मदतीलाही येईल आणि सांगेल, २०२३ मध्ये हांगझौला भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत संगणकावरच्या खेळांना प्रथमच खरीखुरी पदके दिली गेली. ही मदत मला नको आहे. पदकाने खेळाचे समर्थन करणे ही 'अभ्यासाला लागतो' याचीच थोरली बहीण. गोळेश्वरच्या तालमीत खाशाबांच्या बरोबरीने जी पोरे माती अंगाला फासत होती, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांचे दूध, बदाम, त्यांच्या आयांनी त्यांच्या ताटात सरकवलेली भाकरी वाया गेली काय? जर खेळाची किंमत पदकात असेल, तर गेली. आणि जर तालमीतून घामाघूम होऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या पोराच्या अंगात जी एक तृप्ती असते तिला काही किंमत असेल, तर नाही गेली. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. वीस-बावीस वर्षे वर्गात उभा राहून मी पाहतो आहे, ज्या मुलांना खेळण्याचा हक्क मागावा लागतो ती मुले मोठेपणी कोणताच हक्क मोकळेपणाने मागत नाहीत.

मात्र खेळ आणि जुगार यांच्यात गल्लत करू नये. पैसे लावून फोनवर चालणाऱ्या खेळांनी आमच्याकडे घरे बसवली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स वेगळे काढून त्यांना मान्यता दिली. कायद्याला जो फरक उमजला तो पालकांना उमजावयास वेळ लागेल, आणि त्यात पालकांचा दोष नाही. लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते असे शेतकरी म्हणत. ती समजूत दूर करता करता लक्ष्मणराव किर्लोस्कर थकले होते. पुढे १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानच्या माळावर कुंडलजवळ कारखाना वसवला, आणि आज ते किर्लोस्करवाडी गाव आमच्या जिल्ह्याचे भूषण आहे. जमिनीत विष उतरले नाही. तरीही, नव्या वस्तूची भीती बाळगणारा प्रत्येक जण मूर्ख ठरतो असे नाही. संगणकाने झोप खाल्लेली मुले माझ्या वर्गात पहिल्या तासाला पेंगतात, ती मी रोज पाहतो. ते विष काल्पनिक नाही. पण ते ४५,००० च्या यंत्रात जसे असते तसे आठ हजारांच्या फोनमध्येही असते. आणि फोन घेताना कोणी मास्तरांना कागद दाखवावयास येत नाही.

तर पुन्हा त्या कागदाकडे वळू. एसएमपीएसमध्ये काटायचे नाही हे ठरले. मग कुठे?

मी त्याला विचारले, "तुझ्या टीव्हीवर दर सेकंदाला किती चित्रे दिसतात?" हा प्रश्न माझ्या बुद्धीचा नव्हे, त्यानेच मला आधी समजावून दिले होते, की चित्र हलते दिसते ते एकामागून एक चित्रे पडद्यावर येतात म्हणून. तो म्हणाला, "साठ." "आणि तुझे यंत्र किती काढील?" तो म्हणाला, काही खेळांत नव्वद, काहींत शंभरावर. मग तीस-चाळीस चित्रे जातात कुठे? काढली जातात आणि पडद्यापर्यंत पोचतच नाहीत. चढाओढीच्या खेळात त्याचाही किंचित उपयोग होतो, असे जाणकार म्हणतात. पण तो उपयोग नक्षीच्या जवळचा आहे.

'पुरे' हा शब्द आपण ताटावर हात आडवा धरून म्हणतो. वाढणाऱ्याच्या पळीकडे पाहून तो म्हणता येत नाही. स्वतःच्या पोटाकडे पाहून म्हणावा लागतो. दुकानात नेमकी हीच अडचण होते. तेथे सारे लक्ष पळीवर असते. याहून थोडे वरचे हजार रुपयांत, त्याहून वरचे आणखी दीड हजारात; आणि प्रत्येक वेळी ते हजार खरोखरच थोडे वाटतात. आपल्या भुकेचे माप दुकानात टांगलेले नसते. या मुलाचे माप घरी भिंतीवर होते, साठ चित्रांचा जुना टीव्ही. ज्या दिवशी पडदा बदलेल त्या दिवशी माप बदलेल. आज ते साठ आहे.

त्याने यादी फिरवली. सहा गाभ्यांच्या प्रोसेसरऐवजी कोअर आय३ १२१००एफ हा चार गाभ्यांचा घेतला, ६,७०० रुपयांना. त्याला जुळणारा साधा मदरबोर्ड ५,७०० ला मिळाला. ३,३०० वाचले. एकूण ४४,५००, आणि वर पाचशे उरले. हा मार्ग फुकटचा नव्हता. चार गाभ्यांचे यंत्र सहाच्या आधी म्हातारे होणार. पुढे चित्रपटाचे तुकडे जोडण्यासारखे जड काम करावयाचे मनात आले, तर ते रेंगाळणार. म्हणजे त्याने हात आखडला तो उद्याच्या 'कदाचित'मध्ये. मला हे योग्य वाटले. पण योग्य वाटले म्हणून सोपे वाटले असे नव्हे. उद्याच्या 'कदाचित'मध्ये हात आखडणे हेच तर गरिबीचे व्याकरण आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण तेवढेच करत आलो आणि म्हणून उद्या येतो तेव्हा आपण तयार नसतो, असे कोणी म्हणाले तर मजजवळ खणखणीत उत्तर नाही. एवढेच म्हणेन, की पाया कच्चा ठेवून वरचा मजला उद्यासाठी राखणे हे त्याहून वाईट.

आणखी एक वाट होती, तिच्याविषयी थोडक्यात. जुने कार्ड घ्यावे, म्हणजे सहा-सात हजार वाचतात. २०२०-२१ मध्ये अशा कार्डांचा जगभर दुष्काळ पडला होता, कारण आभासी चलन खणणारे लोक ती ढिगांनी उचलत आणि रात्रंदिवस राबवत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची रीतच बदलली, खाणी एका दिवसात ओस पडल्या आणि ती थकलेली कार्डे बाजारात आली. मुलाने एका विकणाऱ्यास विचारले, हे कशात वापरले? उत्तर आले, घरीच, थोडेसे. खरेही असेल. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेताना निदान त्याचे दात पाहता येतात. कार्डाला दात नसतात. विकणाऱ्याची सचोटी हाच तेथे एकमेव दाखला, आणि अनोळखी माणसाच्या सचोटीवर किती पैसे लावावेत याचे माप माझ्याजवळ नाही. त्याने नवे घेतले. पावतीशिवाय घेतलेस तर आणखी कमी करतो, हेही त्याला सांगण्यात आले. अठरा टक्के कर आहे, मोह मोठा असतो. पण पावती नाही तर हमी नाही, आणि तीन वर्षांची हमी ही गरिबाची एकुलती एक विमा पॉलिसी. येथे नीती आणि स्वार्थ एकाच गाडीला जुंपलेले निघाले, म्हणून त्याचे मी फारसे कौतुक करत नाही.

खरे कोडे पुढेच आले. त्याचा एक मित्र आहे, कोरेगाव तालुक्यातला, त्याच वसतिगृहात राहणारा, त्याच योजनेत काम करणारा. याचे पाहून त्यानेही पैसे जमवावयास सुरुवात केली आणि एकेक भाग घेत गेला. रॅम सर्वांत स्वस्त, म्हणून ती त्याने शेवटी ठेवली. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की ऐकणाऱ्याचा विश्वास बसेना. कृत्रिम बुद्धिमत्तेची अवाढव्य संगणकगृहे जगभर उभी राहत आहेत. त्यांची भूक भागवण्यात कारखान्यांना अधिक फायदा. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर सामान्य गिऱ्हाइकांना 'क्रुशल' या नावाने रॅम विकण्याचा आपला धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्या वस्तूला माझ्या विद्यार्थ्याने मार्चमध्ये ३,१०० दिले, तिच्यासाठी मित्राला तिप्पट सांगू लागले. कोरेगावच्या पोराने दोन वर्षे हात आखडून जमवलेला हिशेब, त्याने कधी न पाहिलेल्या कोणाच्या तरी भुकेने उधळून लावला. सहा भाग टेबलावर मांडलेले, आणि सातव्यावाचून यंत्र मुके.

माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रात आठ जीबीच्या दोन रॅम होत्या. त्याने एक काढून मित्राला दिली.

शहाणे म्हणतील, हा वेडेपणा. दोन रॅम जोडीने चालतात तेव्हा यंत्राचा वेग निराळा असतो; एक काढली की माहितीची वाट निम्मी होते. शिवाय आठ जीबीत हल्लीचे मोठे खेळ धड चालतच नाहीत. पूर्वी एक यंत्र पुरे होते आणि एक मुके. आता दोन्ही अधू. कुठे आखडू नये हे शिकवणाऱ्या मास्तरचाच हा विद्यार्थी. मी रागावून तसे म्हणूनही पाहिले. तो म्हणाला, "सर, एकट्यानं किती खेळायचं?"

हे पटण्याजोगे उत्तर आहे की नुसते गोड, यावर माझे मत अजून दोन्हीकडे झुकते. भाव उतरतील तेव्हा मित्र नवी रॅम घेऊन याची परत करील, असा त्यांचा करार आहे. त्याची पावती नाही. सध्या त्या दोघांनी व्हॅलोरंट नावाचा एक खेळ शोधून काढला आहे. तो आठ जीबीत बिनबोभाट चालतो. सुटीत एक जण तासगावकडे आणि दुसरा कोरेगावकडे असतो, आणि रात्री जेवणे झाली की दोघे एकाच बाजूने खेळतात.